सल्ला हवा आहे: कोविडमधून उठलेल्या मधुमेही वडिलांना खायला काय द्यावं? (मे २०२१)

लातूरची_लेक:
वडील (वय ६४, मधुमेह जुना) कोविडमधून वाचून घरी आलेत. औशाजवळच्या गावी आहोत. ऑक्सिजन लागला होता, आता लागत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या कमी कमी करत अजून काही दिवस चालतील, रोज सकाळी नाश्त्यानंतर. मांड्या इतक्या वाळल्यात की मोरीपर्यंत जायला हात धरावा लागतो. तोंडाला चव नाही, कांद्याच्या फोडणीचा वास आला की मळमळतं. डिस्चार्जच्या कागदावर 'हाय प्रोटीन डायबेटिक डाएट' एवढंच लिहिलंय. नातेवाईक शक्तीसाठी खजूर, मोसंबीचा रस, डिंकाचे लाडू आणि गूळ घालून चार वेळा काढा सांगतात. मामांनी आंब्याची पेटी पाठवलीय. उपाशीपोटी साखर १३० च्या आसपास येते, म्हणून सगळे म्हणतात, खाऊ दे की. मला धीर होत नाही. दवाखान्यात पैसे संपलेत, त्यामुळे पावडरीचे महागडे डबे परवडणार नाहीत.

आहारसखी:
ताई, मी आहारतज्ज्ञ आहे आणि तुमची भीती मला रास्त वाटते. आजच दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा, पुन्हा रात्रीच्या जेवणाआधी मोजा. सकाळी घेतलेलं स्टेरॉइड दुपारपासून रात्रीपर्यंत साखर चढवतं आणि पहाटेपर्यंत त्याचा जोर ओसरतो. उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबलं की नेमके चढलेले तास नजरेतून सुटतात.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे जीव डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात, हे जून २०२० मध्येच ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं. पण हेच औषध यकृतातून जास्त साखर सोडायला लावतं, इन्सुलिनचा परिणाम कमी करतं आणि स्नायूही झिजवतं. वडिलांच्या मांड्या वाळल्या त्यात आजार, अंथरूण आणि औषध तिघांचा हात आहे. म्हणून पोटभर खायला हवंच, फक्त ते रस-लाडवांतून नको.

वजन साठ किलोच्या आसपास असेल तर दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं धरा. आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंड अशक्त असेल तर हा हिशोब बदलतो. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७, पेलाभर दुधात ६. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचंच असतं, मूठभर वड्या भिजवून पिळून उसळीत घाला. फुटाण्यांत १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास, तेव्हा त्यांची पूड करून ताकात कालवली तरी चालेल. डब्याची गरज नाही.

वाईची_सुगरण:
आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. ताटभर जेवण समोर आलं की त्यांना रडू यायचं. मग दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यायला लागलो. फोडणीचा वास नको म्हणून स्वयंपाक दार लावून करायचो आणि अन्न कोमट झालं की वाढायचो. गरम वाफेला वास जास्त येतो. मुगाचं धिरडं, अंड्याची भुर्जी कांद्याशिवाय, कुळथाचं पिठलं, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून. लिंबू आणि कोकम जिभेला कळायचं, बाकी सगळं माती लागतं म्हणायच्या. आधी वरण-उसळ संपवायची, मग भाकरी, असा क्रम ठेवला. पोट लवकर भरतं ना, भाताने भरलं की डाळ तशीच राहते.

मिरजेचा_विनू:
काढ्याला इतकं वाईट ठरवू नका. आयुष मंत्रालयानेच सांगितलाय, आमच्या घरी सगळे घेतात.

आहारसखी:
विनूदादा, एप्रिल २०२० च्या त्या सूचनेत तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ, मनुका आहेत, पण दिवसातून एकदा किंवा दोनदा. गूळ किंवा लिंबू चवीपुरतं. ताईंच्या वडिलांना स्टेरॉइडमुळे आधीच पित्त होऊ शकतं, त्यावर चार वेळा मिरी-सुंठ आणि गूळ नको. आवडत असेल तर एक कप, बिनगुळाचा, जेवणानंतर. व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या जादा गोळ्यांचंही तेच. अमेरिकेत घरी उपचार घेणाऱ्या रुग्णांवरच्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही, निकाल याच फेब्रुवारीत आलाय. ते पैसे अंड्यांवर घाला.

आंबा: आमरस नाही. दोन फोडी, जेवणासोबत नाही, अकराच्या सुमाराला. मन मारून बसलेला माणूस जेवतच नाही, म्हणून हे सांगतेय. दुपारचा आकडा २०० च्या वर असेल तर तेवढंही थांबवा.

कोविड_वॉर्डातली_सिस्टर:
एक राहिलं. पालथं झोपवत असाल तर जेवणानंतर तासभर नको. आणि एका बाजूचा गाल किंवा डोळा सुजणं, नाकातून काळपट स्राव, दोन-दोन दिसणं, वरचे दात हलणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. चढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की म्युकर (काळ्या बुरशीचा आजार) फोफावतो, रोज पेशंट येताहेत. दात दोन वेळा घासायला लावा.

लातूरची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. दुपारी मोजली, ३४२ आली. डॉक्टरांना लगेच फोन केला, त्यांनी आजपासून इन्सुलिन सांगितलंय. मामांना आंबे शेजारी वाटायला सांगितले, दोन ठेवले. वड्यांची उसळ खाल्ली त्यांनी, लिंबू पिळून. आता प्रश्न असा की इथे दुपारी वीज जाते आणि उकाडा भयंकर आहे. इन्सुलिन कुठे ठेवू?

कोविड_वॉर्डातली_सिस्टर:
न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठली तर फेकून द्यायची. चालू बाटली वीज नसताना झाकणाच्या डब्यात घालून मातीच्या मडक्यात ठेवा, मडक्याभोवती ओलं फडकं, सावलीत आणि वारा लागेल तिथे. डब्यात पाणी जाऊ देऊ नका. सुई दिल्यावर अर्ध्या तासात जेवायचे की लगेच, हे तुमच्या बाटलीच्या प्रकारावर आहे, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि जेवण टाळलं त्या वेळी सुई द्यायची का, हेही आजच विचारून ठेवा, कारण स्टेरॉइड कमी होत जाईल तशी साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, मग मोजा.