ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल टाकायचाय (१२ व्हॉल्व्ह कमिन्स), कुठला गिअरबॉक्स घेऊ?

डिझेलवेडा

मंडळी नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा तोंड उघडतोय. गाडी १९९६ ची डॉज रॅम २५००, फोर बाय फोर, ५.९ लिटरचं १२ व्हॉल्व्ह कमिन्स आणि त्याला कंपनीचाच ४७ आरई ऑटोमॅटिक. इंजिनबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, कडाक्याच्या थंडीत पण पहिल्या सेल्फला उठतं. पण गिअरबॉक्सने जीव खाल्लाय. एकदा पूर्ण उघडून बांधून घेतला, वर्षभर गप चालला आणि आता परत तेच, ट्रेलर लावून चढाला लागलो की ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरचा गिअर) स्लिप मारतो, आरपीएम वर आणि गाडी आहे तिथेच, डिपस्टिक काढली की तेल काळं आणि जळका वास. पंपाची फ्युएल प्लेट (जास्त डिझेल सोडून जोर वाढवायची पट्टी) मी थोडी पुढे सरकवलीय हे आधीच कबूल करतो, म्हणजे शिव्या कमी पडतील.

आता दुसऱ्यांदा त्याच्यावर पैसे घालायची इच्छा नाही, सरळ मॅन्युअल टाकायचा विचार आहे. पाच गिअरचा एनव्ही ४५०० घ्यावा का सहा गिअरचा एनव्ही ५६००? आणि गिअरबॉक्सचा डबा सोडून बाकी काय काय लागतं? मी आणि एक मित्र, घरच्या फरशीवर, घोड्यांवर गाडी चढवून होईल का हे काम?

तेलकट_हात

होतं रे, मी केलंय, पण आधी डोक्यातून एक गोष्ट काढ की हे गिअरबॉक्स बदलायचं काम आहे. गिअरबॉक्स हा त्यातला सोपा भाग. खरा वेळ जातो क्लच पेडलच्या ब्रॅकेटमध्ये, फ्लायव्हीलच्या बोल्टमध्ये, प्रोपेलर शाफ्टच्या लांबीत आणि त्या एका वॉशरमध्ये जो रविवारी संध्याकाळी लक्षात येतो. म्हणून सुटा डबा स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नको. शक्य असेल तर मॅन्युअलवाली अख्खी गाडी बघ, ठोकलेली, सडलेली, कशीही चालेल, त्यातून बेल हाउसिंग (इंजिन नि डबा जोडणारं कव्हर), फ्लायव्हील, क्लच फोर्क, हायड्रॉलिकचा मास्टर-स्लेव्ह सेट, पेडलं, क्रॉस मेंबर, गिअरचा दांडा, फ्लोअरचं कव्हर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), दोन्ही शाफ्ट सगळं एकदम येतं. मी हे नंतर शिकलो, एकेक पार्ट शोधत चार महिने गाडी उभी होती आणि घरात रोज विषय.

आता कुठला घ्यायचा. ४५०० चा पहिला गिअर ५.६१ चा (इंजिनाचे ५.६१ फेरे झाले की डब्यातून बाहेर एक फेरा), दुसरा ३.०४, तिसरा १.६७, चौथा सरळ आणि पाचवा ०.७५. पहिला म्हणजे ट्रॅक्टरच, मोकळ्या गाडीला सरळ दुसऱ्यात उचल. पण दुसरा आणि तिसरा यातली दरी बघ, तुझं इंजिन २५०० च्या आसपास गव्हर्नरला येतं, तिथून तिसरा टाकलास की आरपीएम पडतो १३७० वर. मोकळ्या गाडीला काही वाटत नाही, ट्रेलर लावून चढावर असशील तर टर्बो झोपतो आणि धूर काढत परत दुसऱ्यात यावं लागतं. ५६०० मध्ये तेच ३.३८ वरून २.०४, म्हणजे २५०० वरून साधारण १५००, आणि मध्ये १.३९ चा अजून एक गिअर. ओढायचं काम जास्त असेल तर सहा गिअरवाला चालवायला खरंच सुख आहे.

मग मी ४५०० का घातला? एक तर १९९४ पासून तो तुझ्याच पिढीच्या गाडीत कंपनीने दिलाय त्यामुळे जवळपास सगळं नटाला नट बसतं, आणि दुसरं वजन. ४५०० साधारण ९० किलो, ५६०० तब्बल १६० च्या पुढे. छातीवर घेऊन ढकलायचा माल नाही तो, गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने आण आणि पट्ट्याने बांध, दोस्तीची परीक्षा गाडीखाली झोपून घेऊ नये.

उलटी_बाजू

सगळे उत्साहात आहेत म्हणून मी थोडं पाणी ओततो. दादा, तुझा ४७ आरई खराब नाहीये, तो इंजिनाचा जोर न वाढवलेल्या गाडीसाठी बनवलाय. कंपनीनेच त्या वर्षी मॅन्युअलला २१५ हॉर्सपॉवर आणि ४४० पाउंड-फूट दिलं आणि ऑटोमॅटिकला १८० आणि ४२० वर थांबवलं, ते काय उगाच? आणि तू वरून प्लेट सरकवलीस. चांगला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी तेलाने जोर पुढे देणारा भाग), सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी आणि तेलाचं प्रेशर वाढवून घेतलं तर तोच डबा आरामात ओढतो. मागच्या वेळी नुसत्या क्लच प्लेटा बदलून कन्व्हर्टर जुनाच ठेवला असणार, पैज लावतो.

मॅन्युअल केल्यावर गर्दीत ट्रेलरसकट हाफ क्लचवर सरकायचं, उलटं घेताना डावा पाय भरून यायचा, हे पण बघ. मी दोन्ही वापरलेत, ट्रेलर मागे घ्यायला मला आजही ऑटोमॅटिकच आवडतो.

डिझेलवेडा

@उलटी_बाजू पैज जिंकलात, कन्व्हर्टर जुनाच होता 😅 तुमचं पटतंय, पण खरं सांगायचं तर मला तिसरं, क्लचचं पेडल हवंच आहे. आधीची गाडी मॅन्युअल होती, उतारावर गिअर टाकून इंजिनवर गाडी धरायची सवय, आता ट्रेलर मागून ढकलायला लागला की नुसते ब्रेक तापतात.

तेलकट_हात

मग विषय संपला, मॅन्युअलच कर. एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनवर गाडी धरणारा) पण लाव पुढेमागे.

४५०० घेणार असशील तर पाचव्या गिअरचा नट हा प्रकार नीट समजून घे, कारण डॉजच्या ४५०० ची ही जगजाहीर खोड आहे. पाचवा गिअर मेन शाफ्टच्या मागच्या टोकाला असतो, त्याला धरून एक मोठा नट. कमिन्स कमी आरपीएमवर जे धक्के देतं, प्रत्येक फेऱ्याला तीन, त्याने तो नट हळूहळू सैल होतो आणि गिअर मागे सरकत सरकत शाफ्टच्या दात्यांवरून उतरतो. एक दिवस पाचवा टाकतोस, दांडा नीट पडतो, आणि गाडी न्यूट्रल असल्यासारखी. बाकीचे चार गिअर मस्त चालू. जुना डबा आणलास तर बसवायच्या आधी, जमिनीवर असतानाच मागचं हाउसिंग काढून नट तपास, शाफ्टचे दाते झिजलेत का बघ. पूर्ण दात्यांचा शाफ्ट आणि सुधारलेला नट मिळतो, एकदाच टाक आणि विसर. आणि पाचव्यात ११००-१२०० वर ॲक्सिलेटर दाबून ओढायची सवय असेल तर सोड, खाली चौथा आहे ना.

तेल. लोक इथेच माती खातात. त्यात जीएल-४ चं ७५डब्ल्यू-८५ सिंथेटिक लागतं, डिफरन्शियलचं जीएल-५ नाही. जीएल-५ घातलं की सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा) नीट पकडत नाहीत, गिअर अडकतो आणि पितळेला ते तेल खातं. भरतं ३.८ लिटर, बरेच जण थंड राहावा म्हणून अजून लिटरभर जास्त घालतात, मी पण घालतो.

लेथमामा

फ्लायव्हीलचं मी बोलतो, कारण माझ्याकडे लोक नंतर रडत येतात. जुना फ्लायव्हील वापरणार असशील तर फेसिंग मारून घे, निळे डाग नि बारीक भेगा दिसल्या तर नवाच घे. ऑटोमॅटिकची फ्लेक्सप्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) निघाली की क्रँकचं मागचं ऑइल सील समोरच दिसतं, ते तेव्हाच बदलायचं. चांगलं आहे राहू दे असं म्हणालास की सहा महिन्यात नव्या क्लचवर तेल. फ्लायव्हीलचे आठ बोल्ट, १३७ न्यूटन मीटर, समोरासमोर आवळत जा, नुसत्या अंदाजाने नाही. पायलट बेअरिंग (डब्याच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) फ्लायव्हीलमध्येच बसतं, दहा मिनिटांचं काम आहे, नवीन टाक.

आणि एक जे कुणीच करत नाही, बेल हाउसिंग लावल्यावर क्रँकला डायल गेज बांधून हाउसिंगचं भोक मध्यावर आहे का बघ. ते तिरकं असलं तर इनपुट शाफ्ट कायम वाकडा ओढत राहतो, मग पायलट बेअरिंग वाजतं, गिअर आपोआप सुटतो आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत बसतो.

जोडाक्लच

क्लचवर माझे दोन शब्द. ४५०० ला मूळ क्लच १२.२५ इंची, प्लेट सरकवलेल्या इंजिनला तो फार दिवस पुरत नाही. १३ इंचीचा कन्व्हर्जन सेट फ्लायव्हीलसकट मिळतो, तुला तोच पुरेल. डबल प्लेटच्या नादाला लागू नको, मी लावलीय, न्यूट्रलला पेडल सोडलं की पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवल्यासारखा आवाज, शेजारचे बघतात. नवा क्लच पहिले ७००-८०० किलोमीटर हलक्या हाताने चालव, ट्रेलर नाही.

उलटी_बाजू

जोर खूपच वाढवणार असशील तर मात्र ५६०० च बघ बाबा. २००१-०२ मध्ये ५०५ पाउंड-फूटवालं २४ व्हॉल्व्ह आलं ते कंपनीने फक्त सहा गिअरवाल्यासोबतच दिलं, यातच काय ते समज. (हो, मी ऑटोमॅटिकवालाच, पण खोटं कशाला बोलू.)

फ्यूज_उडाला

वायरिंगचं कुणीच बोललं नाही म्हणून. डबा काढलास की सेल्फ मारणार नाही, घाबरू नको. ऑटोमॅटिकच्या डब्यावर तीन पिनांचा न्यूट्रल स्विच आहे, मधली पिन पार्क-न्यूट्रलला सेल्फच्या रिलेला अर्थिंग देते. ती अर्थिंग आता क्लच पेडलच्या स्विचमधून द्यायची, म्हणजे पेडल दाबल्याशिवाय सेल्फ लागणार नाही. लोक आळसाने ती वायर सरळ बॉडीला जोडतात, मग कधीतरी गिअरमध्ये चावी फिरवली की गाडी भिंतीत, कारण या इंजिनाला नुसत्या सेल्फवर सरकायला वेळ लागत नाही. बाजूच्या दोन पिना रिव्हर्स लाइटच्या, त्या नव्या डब्याच्या स्विचला.

तुझा पंप पी ७१००, पूर्ण मेकॅनिकल, त्यामुळे इंजिन चालायला कॉम्प्युटर लागत नाही. पण म्हणून पीसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) काढून फेकू नको, अल्टरनेटरचं चार्जिंग तोच सांभाळतो. चेक इंजिनचा दिवा लागेल कारण त्याला त्याचा गिअरबॉक्स सापडणार नाही, तो लागू दे किंवा मॅन्युअलवाल्या गाडीचा पीसीएम टाक. ऑटोमॅटिकची किकडाउनची केबल आणि त्याचं तेल गार करायच्या नळ्या काढताना कूलंटचा जोड नीट बंद कर, मी विसरलो होतो, वीस मिनिटात टेम्परेचरचा काटा लाल.

डिझेलवेडा

बाप रे, एवढं सगळं! वाचून आधी वाटलं नको, मग परत वाचलं. ४५०० फायनल करतोय, १३ इंची क्लचसकट. आज गाडीखाली जाऊन ट्रान्सफर केस जरा सुटा करून इनपुटचे दाते मोजले, २३ आले. जो डबा बघितलाय त्याच्या आउटपुटला २९ आहेत. आता?

तेलकट_हात

बरं झालं आधी मोजलेस, मी बसवताना मोजले होते. ट्रान्सफर केस उघडून नुसता इनपुट गिअर बदलता येतो, पण डबा जिथे मिळतोय तिथलीच ट्रान्सफर केस सोबत मिळत असेल तर सरळ ती घे. प्रोपेलर शाफ्ट मात्र सगळं बसवून, गाडी चाकांवर उभी करून मगच माप घेऊन बनव, आधी नाही. आणि ऑटोमॅटिकचा ओव्हरड्राइव्ह ०.६९ होता, हा ०.७५, म्हणजे जिथे २००० आरपीएम दिसायचा तिथे आता २१७५ च्या आसपास दिसेल, काही बिघडलं म्हणून फोन करू नको 😄

डिझेलवेडा

अख्खी गाडीच मिळतेय बहुतेक, चेसिस सडलीय पण खालचं सगळं आहे. मालक म्हणतो डबा काढून घेऊन जा, बाकी तो परवा भंगारात देणार.

तेलकट_हात

परवा? मग आजच जा आणि आधी पेडलांचं ब्रॅकेट काढ, डॅशबोर्डच्या खाली उलटं झोपावं लागतं, १३ चा पाना आणि टॉर्च ने. डबा नंतर.