प्रतिसाद: टनेलमधली वेडीवाकडी स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरीवर टनेल (कमानींवर ओढलेलं प्लास्टिकचं आच्छादन) टाकल्यापासून फळं वेडीवाकडी येतात, बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. बोरॉन कमी पडलं तरी फळ वाकडं होतं, हे खरं. पण टनेलनंतरच सुरू झालं असेल तर मी आधी मधमाश्यांकडे बघेन. स्ट्रॉबेरीच्या फळावर जे बारीक दाणे दिसतात, त्यातल्या प्रत्येकाला परागकण मिळावे लागतात. जिथला दाणा फळला नाही, तिथला गर फुगत नाही आणि फळ एका बाजूनं चेपतं. दिवसभर प्लास्टिक खाली असेल तर माशी आत शिरणार कशी?

महाबळेश्वरला वेण्णा लेक, लिंगमळा भागात डिसेंबर-जानेवारीत हिमकण पडतात. तिथं रात्री झाकणं भागच आहे. पण ऊन चढलं की दोन्ही बाजू वर गुंडाळायच्या, संध्याकाळी परत सोडायच्या. बंद टनेलमध्ये दुपारी उष्णता इतकी वाढते की परागकणच निकामी होतात. शिवाय आतली वाफ पानाफुलांवर साचून करड्या बुरशीला आयतं आमंत्रण. मजूर मिळत नाही म्हणून दिवसभर बंद ठेवणारे बरेच आहेत, त्यांना टनेल नसलेलं परवडलं!

अवकाळी पावसात मात्र टनेलला तोड नाही. फक्त एक, वरून पाऊस लागत नाही म्हणून भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आणि लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) आत जास्त माजतात. पानं उलटी करून बघत जा. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा, अगदीच गरज पडली तर मधमाश्या पोळ्यात परतल्यावर संध्याकाळी फवारा.

रोपं कुठल्या जातीची आहेत, स्वीट चार्ली की विंटर डॉन?