शेतात दगडी कुऱ्हाड सापडली आहे, तातडीने मदत हवी

भूमिजा: मामेसासऱ्यांच्या शेतात चर खणताना काळा दगड निघाला. एका टोकाला धार, हात फिरवला तर गुळगुळीत. अश्मयुगातली कुऱ्हाड वाटतेय. परवा जेसीबी येणार आहे. काय करू?

गोदातीर: शेत कुठलं? लांबी किती? फोटो?

रानवाट: वरवंट्याचा तुकडा असेल. आमच्याकडे नांगराला नेहमी लागतात.

गोदातीर: वरवंट्याला धार कशी येईल? कुऱ्हाडीला दोन्ही अंगांनी घासून मधोमध धार आणलेली असते, मागचं टोक निमुळतं. नेवाशाच्या उत्खननात अशा निघाल्या आहेत.

बेलपान: उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात अशा कुऱ्हाडी पिंपळाखाली महादेव म्हणून पुजायचे. देवघरात ठेवा, धुऊन चंदन लावा.

गोदातीर: कृपा करून चंदन लावू नका, धुऊही नका! धारेवरच्या वापराच्या खुणा जातील.

भूमिजा: धुतला की, ब्रशने. फोटो चढत नाहीये. लांबी १४ सेंमी. सासर संडूरचं, शेत बेल्लारीजवळ कुपगलच्या बाजूला.

गोदातीर: कुपगल! अहो, हे आधी सांगायचं! तिथल्या संगनकल्लूच्या टेकड्यांवर नवाश्मयुगात, म्हणजे अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यात, डोलेराइट या काळ्या कठीण दगडाच्या कुऱ्हाडी घडवत. आधी कपच्या काढून आकार द्यायचा, मग टोचून उंचवटे घालवायचे, शेवटी खडकावर घासायचं. घासून पडलेल्या खाचा तिथे अजून दिसतात.

सौदा७: किंमत किती येईल?

कायदेपंडित: विकायचा विचार सोडा. जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू मिळाली, तर पुरलेल्या धनाच्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रानवाट: दगड म्हणजे पुरलेला खजिना का? तो कायदा नाण्यांसाठी आहे.

कायदेपंडित: कायदा फक्त नाण्यांसाठी नाही. वाचा एकदा.

मीरा_पुणे: नगरकडच्या जोर्व्याला तर तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या होत्या, सहा.

भूमिजा: कायद्याचं नंतर पाहू. जेसीबी येऊ द्यायचा की नाही? बांधाजवळ तसल्याच काळ्या कपच्यांचा ढीग आहे, तोही सपाट करायचाय.

गोदातीर: कपच्या?! ताई, तो ढीग कुऱ्हाडीपेक्षा मोलाचा असू शकतो. तिथे बसून कुणी कुऱ्हाडी घडवल्या असतील, तर कुठली कपची कुठे पडली त्यावरून काम कसं चालायचं ते कळतं. एकही उचलू नका, जागेवरच फोटो काढा. मामांना सांगून जेसीबी थांबवा. उद्या सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यात लेखी कळवा. चर किती खोल गेला होता?

भूमिजा: गुडघाभर. मामांना फोन लावतेय.