उपमा काढून सगळीकडे रूपक घालू का?

प्रश्न: माझ्या कथेत ‘जणू’ आणि ‘सारखं’ फार झालंय, वाचणारे कंटाळतात. सगळ्या उपमांची रूपकं करू?

उत्तर १: सगळ्यांची नको. ‘त्याचा राग विस्तवासारखा होता’ म्हटलं की वाचक लांबून तुलना बघतो. ‘तो आला आणि घरात विस्तव शिरला’ म्हटलं की चटका थेट बसतो. पण पानभर चटके दिलेत तर कुणालाच काही भाजणार नाही. मी तर रूपक भांडणाच्या प्रसंगासाठी राखून ठेवते.

उत्तर २: चेतनगुणोक्तीही, म्हणजे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणंही, वापरून बघा. ‘दार नाखुशीनंच उघडलं’ एवढ्यात पाहुणा नकोसा आहे हे कळतं.

प्रश्नकर्ता: आणि अनुप्रास, म्हणजे एकच अक्षर परत परत आणून नाद साधणं, ते कसं?

उत्तर १: गद्यात जपून. कान नादात रमला की अर्थ निसटतो. जाहिरातवाल्यांना तेच हवं असतं म्हणा!