मुंबईत फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरलेली बारीक राख) राफ्टपुरतीच (इमारतीखालच्या सलग पायापुरतीच) ठेवा, स्लॅब-कॉलमात नको

(सेंटरिंग, कव्हरब्लॉक आणि स्लंप ही इथे बोलणाऱ्या तिघांची टोपणनावं.)

सेंटरिंग: पुनर्विकासाच्या कामांत आरएमसीतून (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटमधून) 25-30 टक्के सिमेंट काढून फ्लाय ॲश घालतात. राफ्टला ते योग्यच, जाड राफ्टचा गाभा त्यामुळे कमी तापतो. स्लॅब-कॉलमला मात्र माझा विरोध आहे. राख सिमेंटमधून सुटलेल्या चुन्याशी ओलाव्यातच आणि सावकाश जुळते. म्हणून आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक अशा काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी (क्युरिंग) सांगतं, शिफारस 14 दिवसांची. इथे दहाव्या मजल्यावरच्या कॉलमवर सकाळी पाइप फिरवतात, दुपारी बारदान कोरडंठाक. आधी सुकतं ते कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा बाहेरचा थर, आणि सळीची राखण तेच करतं.

कव्हरब्लॉक: पाणी मारलं नाही तर निव्वळ ओपीसीही (राख नसलेलं साधं सिमेंट) सच्छिद्रच राहतं, त्याचा दोष राखेला का? मुंबईत सळी गंजते ती मुख्यतः खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने. नीट मुरलेल्या राखेच्या काँक्रीटची छिद्रं बारीक असतात, क्लोराइड आत शिरायला वेळ लागतो.
फक्त मिक्स नीट बसवा. समजा घनमीटरला 380 किलो बाइंडर (सिमेंट आणि राख मिळून): ओपीसी 285, राख 95, पाणी 160 लिटर. राख हलकी, विशिष्ट गुरुत्व 2.2 च्या आसपास, सिमेंटचं 3.15. म्हणजे त्याच 95 किलोला 13 लिटर जागा जास्त लागते, तेव्हा वाळू साधारण 35 किलो कमी करायची. ती तशीच ठेवली तर माल घनमीटरपेक्षा जास्त भरतो आणि दर घनमीटरमागे सिमेंट कमी पडतं.

स्लंप: प्लांटकडेही बघा. ईएसपीतली (वीजकेंद्राच्या धुरातून राख पकडणाऱ्या यंत्रातली) कोरडी राखच हवी, तळ्यातली ओली नको. न जळलेला कोळसा 5 टक्क्यांच्या वर गेला की तो ॲडमिक्श्चर (माल पातळ ठेवणारं रसायन) शोषतो, ट्रॅफिकमध्ये स्लंप (मालाचा पातळपणा) बसतो आणि साइटवर ड्रममध्ये पाणी ओततात. तिथेच ताकद गेली. दुसरी चूक पीपीसीत (राख मिसळूनच येणाऱ्या सिमेंटमध्ये) वरून राख घालण्याची. पीपीसीत आधीच 35 टक्के राख असू शकते. त्यात आणखी 20 टक्के बदललं की एकूण 48 होते, आणि आयएस 456 बाइंडरमध्ये 35 च्या वर धरू देत नाही.

सेंटरिंग: हिशेब मान्य, पण सगळं 'नीट मुरलेल्या'वर अडलंय. सुकलेल्या कव्हरमध्ये राखेमुळे चुनाही कमी, म्हणजे कार्बोनेशन (हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना संपवत आत जातो ते) सळीपर्यंत लवकर पोचतं. शिवाय साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेके 7 दिवसांनी काढायची मुदत ओपीसीची आहे, साइटवर तीच सगळ्यांना लावतात.

कव्हरब्लॉक: मग टेके तारखेवर काढूच नका. तीन क्युब (त्याच मालाचे चाचणीचे ठोकळे) स्लॅबवरच, त्याच उन्हात ठेवा, टाकीच्या पाण्यात ठेवलेले त्यासाठी चालत नाहीत. स्लॅबवरचे फोडूनच ठरवा. ओतल्यावर लगेच प्लास्टिक अंथरा. राखेच्या मालाला वर पाणी कमी सुटतं, वाऱ्याने पहिल्या काही तासांतच चिरा पडतात. सेट झाला की वाफे (स्लॅबवर पाणी अडवणारे छोटे बांध) बांधून पाणी साठवा.

सेंटरिंग: स्लॅबला वाफे होतील, कॉलमला काय कराल? कंत्राटात कॉलमचं 14 दिवसांचं क्युरिंग वेगळं मोजून बिल देणारं कलम घाला. तोवर कॉलमला माझा नकार कायम.