रात्रीचं ओलित आणि जेवणाची वेळ

रक्तातली साखर आवरायला रात्री लवकर जेवा म्हणतात. पण मोटारपंपाची थ्री फेज लाईन रात्रीच येते, ओलित आटोपेस्तोवर अकरा वाजतात, मग लवकर जेवायचं कसं, असं शेतकरी विचारतात. जेवूनच वावरात जा. साडेसहा-सातला भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी पोटभर. परतल्यावर भूक लागलीच तर पेलाभर ताक घ्या, पुन्हा ताट वाढून घेऊ नका.

अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि स्वादुपिंडातून साखर उतरवणारं इन्सुलिन कमी सुटतं. म्हणून तीच भाकर अकराला खाल्ली की साखर जास्त चढते आणि उतरायला वेळ लागतो. आतड्यातल्या जंतूंनाही दिवस-रात्र कळते. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की झोपेची आणि खाण्याची घडी विस्कटली की या जंतूंची लय मोडते, उंदरांचं वजन आणि साखर दोन्ही वाढतात.

जंतूंचं खाणं म्हणजे तंतू, धान्या-भाज्यांतला आपल्याला न पचणारा चोथा. ज्वारीचं पीठ बारीक चाळणीनं चाळून कोंडा ढोरांना टाकता, तिथंच नुकसान होतं. हा कोंडा, डाळी, जवसाची चटणी यांतले तंतू आंबवून जंतू ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात, त्यावर मोठ्या आतड्याचं अस्तर पोसतं. पण एकदम वाढवलं तर पोट फुगतं, अन् मग माणूस सगळंच सोडून देतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून डोसची वेळ बदलून घ्या. नाहीतर मध्यरात्री वावरात एकटं असताना साखर फार खाली उतरेल. खिशात गुळाचा खडा ठेवाच.