मदत हवी आहे: बाबांना शुगरचं कसं पटवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही कोथरूडला राहतो. बाबा ६८ वर्षांचे, मधुमेहाला ११ वर्षं झाली. तपासणीआधी दोन दिवस भात बंद, गोड बंद. मग उपाशीपोटीची शुगर छान येते आणि लगेच, "बघ, म्हटलं नव्हतं?" पण एचबीएवनसी ९.२! ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, दोन दिवसांत फसत नाही. चहात साखरेऐवजी गूळ, तोही दोन चमचे, कारण "गूळ चालतो". (गुळानेही शुगर वाढतेच हो.) मी बोललो की चिडतात, आई बोलली की टीव्हीचा आवाज वाढतो. डॉक्टरांकडे जेमतेम पाच मिनिटं मिळतात. कोथरूड-कर्वेनगरमध्ये समोर बसवून, मराठीत, न ओरडता समजावणारे आहारतज्ज्ञ कोणी सुचवाल का? तुमच्या घरी काय लागू पडलं, तेही सांगा. आंबे यायच्या आत, प्लीज.